सातबाऱ्यावरची बहीण

गावातल्या बहुतेकांच्या खात्यात अतिवृष्टीचे पैसे पडले, तेव्हा दादाच्या खात्यात पडले नव्हते. २०२५च्या सप्टेंबरात सीना पात्र सोडून पसरली होती आणि आमच्या काठच्या गटातलं सोयाबीन तीन दिवस पाण्याखाली होतं. पंचनामा झालेला, यादीत गट नंबर आलेला, नुकसानीचा टक्काही बरोबर लिहिलेला. अडलं होतं ते माझ्यापाशी. आप्पा गेल्यावर वारस म्हणून सातबाऱ्यावर चार नावं चढली: आई, दादा, ताई आणि मी. खातं सामायिक. दादाच्या खात्यावर मदत टाकायची तर बाकी तिघींची संमती हवी होती. आई घरातच होती, ताई दीड तासावर बार्शीला. मी ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या डँडेनॉन्गमध्ये. माझी एक सही तिथपर्यंत पोचायला सात आठवडे लागले, आणि त्या सात आठवड्यांत हरभरा पेरायची वेळ निघून चालली होती.

डँडेनॉन्ग, कीज्बरो, नोबल पार्क, नॅरे वॉरन या पट्ट्यात अशा अनेक बहिणी आणि भाऊ आहेत. फॉस्टर स्ट्रीटवरच्या किराणा दुकानात भेटल्यावर पावसाची चौकशी होते आणि कुणीतरी म्हणतंच, "आमचंही नाव आहे की अजून सातबाऱ्यावर." ते नाव मायेने राहू दिलेलं असतं. पण वर्षातल्या एका वाईट रात्री तेच नाव भावाची मदत अडवतं. ते अडवू नये म्हणून काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं ते इथे लिहिते आहे. जमीन कसणाऱ्याच्या हातात पैसे वेळेवर पडावेत एवढाच हेतू आहे.

डिसेंबर-जानेवारीत, गावी असताना

सगळ्यात मोठं काम पावसाच्या आधी करायचं असतं, आणि त्याला सोयीची वेळ म्हणजे इथल्या शाळांची उन्हाळी सुट्टी. आपण सगळे त्याच दिवसांत गावी जातो. लग्नं, हुरडा, देवदर्शन होऊ द्या, पण दोन दिवस तलाठी कार्यालय, सेवा केंद्र आणि बँकेसाठी बाजूला काढा. तलाठ्याला आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गावात मात्र तलाठी म्हटलं तरच कळतं.

पहिल्यांदा सातबारा आणि आठ-अ उतारा काढा. नुसता बघायचा असेल तर महाभूलेखवर फुकट दिसतो. डिजिटल सहीचा, कार्यालयात चालणारा सातबारा महाभूमीच्या पोर्टलवर १५ रुपयांत मिळतो आणि तो डँडेनॉन्गमधूनही काढता येतो. त्यावर तीन गोष्टी बघायच्या.

पहिली गोष्ट, जमीन अजून आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर तर नाही ना. मयत खातेदाराच्या नावाने यादी लागली तर पैसे कुणालाच मिळत नाहीत. अशा नोंदी लावण्यासाठी सरकारने एप्रिल २०२५पासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली. वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइनही भरता येतो. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं आणि प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी १५ दिवस असतात, आणि ती नोटीस 'आपली चावडी'वर परदेशातूनही वाचता येते. ती वाचाच. एखाद्या नावातली वेलांटी चुकली आणि आधारशी जुळली नाही, तर ते निस्तरायला पुढे महिने जातात.

दुसरी गोष्ट, पाण्याचं साधन. विहीर किंवा बोअर असूनही ते उताऱ्यावर नोंदलेलं नसेल, तर पंचनाम्यात शेत जिरायत म्हणून जाण्याचा धोका असतो. केंद्राच्या निकषांप्रमाणे जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये मिळतात, बागायतीला १७,००० आणि फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला २२,५००. एका शब्दाच्या फरकाने निम्मी रक्कम जाते.

तिसरी गोष्ट, खातं सामायिक आहे का. असेल, तर हे लक्ष देऊन वाचा.

संमतीपत्र आणि हक्कसोडपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. अमुक गटातल्या नुकसानीची मदत सहखातेदार अमुक यांच्या खात्यावर जमा करायला माझी हरकत नाही, एवढंच संमतीपत्रात असतं. मालकीला त्याने धक्का लागत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं जातं, आणि त्यावरून फेरफार मंजूर झाला की तुमचं नाव जमिनीवरून निघतं. २००५च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत जन्मापासून हक्क दिला आहे. तो सोडायचा की ठेवायचा हे शांतपणे, घरात बसून ठरवायचं काम आहे. पुराच्या आठवड्यात मोबाईलवर आलेल्या कागदावर ते ठरवू नये. मी माझा हक्क सोडलेला नाही. दादाला मदत मिळावी म्हणून तो सोडण्याची गरजही नव्हती. मला हे आधी माहीत असतं तर सात आठवड्यांतले निम्मे दिवस वाचले असते, कारण ताई आणि मी दोघीही कागदाचा अर्थ न कळल्यामुळे गप्प बसलो होतो. तेव्हा कागद आला की आधी त्याचं शीर्षक वाचा, मग गट नंबर, मग शेवटचं वाक्य.

संमतीपत्राचा नमुना तुमच्या तलाठ्याकडूनच घ्या. कुठे मुद्रांक कागद आणि नोटरी मागतात, कुठे साध्या कागदावर साक्षीदार चालतात. गावी असतानाच सगळ्या सहखातेदारांनी मिळून ते करून दादाच्या फायलीत ठेवलं, तर पाऊस झाल्यावर तुमच्या सहीसाठी कुणी थांबत नाही. पुढच्या हंगामात नवं मागतील कदाचित, पण मसुदा आणि माणसं तयार असतात.

नवऱ्याला किंवा भावाला मुखत्यारपत्र देणार असाल तर ते गावीच नोंदवलेलं चांगलं. डँडेनॉन्गहून करायचं झाल्यास दोन वाटा आहेत. मेलबर्नच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडून साक्षांकन करून घेणं, किंवा इथल्या नोटरी पब्लिकपुढे सही करून ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्र खात्याचं अपोस्टील लावून घेणं. भारत आणि ऑस्ट्रेलिया दोघेही अपोस्टील कराराचे सदस्य आहेत. पोलीस ठाण्यातल्या सही केंद्रावर जस्टिस ऑफ द पीस फुकट सही करून देतात. इथल्या कागदांना ती पुरते, महाराष्ट्रातल्या जमिनीच्या कागदाला पुरत नाही. मी आधी तीच घेऊन बसले होते आणि त्यात दहा दिवस गेले. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, तेही विसरू नका.

आधार, फार्मर आयडी आणि जुनं सिमकार्ड

राज्य सरकारने ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक, ज्याला सगळे फार्मर आयडी म्हणतात, आपत्तीच्या मदतीलाही जोडला आहे. त्याचा फायदा २०२५च्या पुरात दिसला: ज्यांची ॲग्रिस्टॅकमध्ये नोंद होती त्यांना वेगळ्या ई-केवायसीची गरज ठेवली नाही. म्हणून घरात निदान कसणाऱ्याचा आयडी पावसाआधी झालाच पाहिजे, आणि त्यात आपले सगळे गट जोडले गेलेत का ते तपासलं पाहिजे. एक गट राहून गेला तर त्या गटाची मदतही राहून जाते.

तुमचाही आयडी करायचा तर आधारशी जोडलेला मोबाईल चालू हवा. इथेच बहुतेकजण अडकतात. गावाकडचं सिम रिचार्ज न केल्याने बंद पडलेलं असतं आणि ओटीपी कुठेच येत नाही. ते सिम जिवंत ठेवा आणि रोमिंग सुरू आहे का ते इथे उतरल्यावर तपासा. ऑस्ट्रेलियन नागरिकत्व घेतलं असेल तर नवं आधार काढणं सोपं नाही, कारण आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्याची अट आहे. अशा माणसाच्या वाट्याला वारसाने आलेली शेतजमीन राहू शकते, नवी मात्र विकत घेता येत नाही. त्याने मदत स्वतःच्या नावे मागण्याच्या फंदात पडू नये. संमती देऊन बाजूला व्हावं. माझं स्पष्ट मत आहे, की नागरिकत्व भारताचं असलं तरीही हेच करावं. चिखलात जो उभा राहतो, पैसे त्याचे.

दादाचं आधार कोणत्या बँकेशी जोडलं आहे हे यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगमध्ये दिसतं. थेट लाभाचे पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. पासबुकची झेरॉक्स कोणत्याही बँकेची दिलेली असो, पैसे तिथेच. आमच्याकडे ते वहिनीने कधीतरी उघडलेल्या एका बंद पडत आलेल्या खात्याला जोडलेलं निघालं.

ऑगस्टमध्ये, पीक उभं असताना

ई-पीक पाहणी दादानेच किंवा घरातल्या कुणीतरी शेतात उभं राहून करायची आहे. ॲप गटाच्या हद्दीत असल्याशिवाय फोटो घेत नाही. खरिपाची मुदत साधारण ऑगस्टच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते, कधी ती वाढवतात. डँडेनॉन्गमधल्या माणसाने एवढंच करायचं: भाच्याला फोन करून आठवण करून द्यायची, आणि आठवड्याने सातबाऱ्याचा गाव नमुना बारा उघडून पीक चढलं का ते बघायचं. सोयाबीनमध्ये तूर असेल तर दोन्ही नोंदवा. ॲपमध्ये सिंचनाचं साधन बरोबर निवडलंय का तेही विचारा.

जनावरांच्या कानात बारा आकडी बिल्ला आहे का, तेही याच फोनवर विचारून घ्या. गोठ्यातल्या प्रत्येक जनावराच्या बिल्ल्याचा फोटो काढून ठेवायला सांगा. बिल्ला नसेल तर नुकसानभरपाईचं काम अडतं.

पाणी आलं त्या रात्रीपासून तीन दिवस

रात्री फोन आला तर आधी माणसं कुठे आहेत विचारा, मग जनावरं. दावी सोडली का, हे विचारायला लाजू नका. सीनेच्या पुरात दावणीला बांधलेली जनावरं जागच्या जागी गेली. कागदांचं सकाळी.

सकाळ झाली की फोटो. ते कसे काढायचे हे मात्र आधी सांगून ठेवावं लागतं, कारण त्या दिवशी कुणाचंच डोकं जागेवर नसतं:

शेताच्या चारही कोपऱ्यांतून एकेक लांबचा फोटो घ्या, ज्यात विहीर, विजेचा खांब, बांधावरचं झाड असं ओळखीचं काहीतरी दिसेल. मग पिकाचे जवळून: पाण्यात बुडालेलं, पडलेलं, शेंगांना मोड आलेलं. पाटीवर गट नंबर आणि तारीख लिहून ती पहिल्या फोटोत धरा. फोनमध्ये स्थळ आणि वेळ दाखवणारा कॅमेरा असेल तर तोच वापरा. पाणी ओसरल्यावर पुन्हा तेच चार कोपरे. गाळ साचला असेल तर त्यात काठी रोवून खोली दाखवा. शेतावरचा गाळ काढायला निकषात हेक्टरी १८,००० रुपये आहेत, पण तो तीन इंचांहून जास्त असावा लागतो. जमीनच खरडून गेली असेल तर ४७,००० रुपये हेक्टरी, अल्प आणि अत्यल्प भूधारकांना. हे दोन्ही पिकाच्या मदतीहून वेगळे रकाने आहेत, आणि फोटो नसेल तर पंचनाम्याच्या धावपळीत ते कोरे राहतात.

फोटो तुम्हाला पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि वेळ-स्थळाची माहिती निघून जाते. तुम्ही इकडे बसून प्रत्येकाला गट नंबर आणि तारखेचं नाव द्या आणि एका ठिकाणी ठेवा. हे काम इथल्या माणसानेच करावं. दादाचा फोन त्या आठवड्यात चार्जसुद्धा होत नव्हता.

जनावर दगावलं असेल तर पशुवैद्यकीय अधिकारी येईपर्यंत ते पुरू नका. शवविच्छेदनाचा दाखला आणि बिल्ल्याचा नंबर यावर पुढचं सगळं उभं असतं. दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलाला ३२,०००, वासराला २०,०००, शेळी-मेंढीला ४,०००. वाहून गेलेल्या जनावराचं शव मिळत नाही, तेव्हा त्याच दिवशी सरपंच आणि पोलीस पाटलांच्या कानावर घालून ते पंचनाम्यात लिहवून घ्या. आठवड्याने सांगितलेलं जनावर सिद्ध करणं फार कठीण जातं.

पीकविमा आणि सरकारी मदत एकच समजू नका. यादीत नाव आलं म्हणजे विमा मिळत नाही, आणि विम्याला अर्ज केला म्हणजे पंचनामा होत नाही. खरीप २०२५पासून राज्यात एक रुपयाची योजना जाऊन शेतकऱ्याने हप्ता भरायची योजना आली, आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या उत्पादनावर आली. विम्याचं बघा, पण वेगळ्या वहीत.

पंचनामा

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते. मंडळाच्या पर्जन्यमापकावर आकडा कमी आला पण नदीचं पाणी शेतात शिरलं, असंही होतं. आमच्याकडे पाऊस वर झाला, पाणी खाली आलं. अशा वेळी पूर म्हणून पंचनामा करायचा असतो, आणि ते तोंडाने सांगण्याऐवजी दोन ओळींचा अर्ज देऊन पोच घेतलेली बरी. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच मदत मिळते, हा दुसरा उंबरठा.

पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघे येतात. त्यांच्याकडेही त्या दिवसांत तीन-तीन गावं असतात, चिखलातून चालत असतात. त्यांच्याशी भांडून काही साधत नाही. घरातल्या कुणीतरी शेतावर हजर राहावं आणि एवढं बघावं: गट आणि पोटहिस्सा बरोबर आहे का, बाधित क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलंय का, पीक तेच आहे का, जिरायत की बागायत, आणि टक्का. कोऱ्या कागदावर सही करू नये. सही झाल्यावर कागदाचा फोटो काढून घ्यावा.

इथून फोन करायचा असेल तर घड्याळ लक्षात ठेवा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपर्यंत डँडेनॉन्ग साडेचार तास पुढे असतं, त्यानंतर साडेपाच. गावाकडे सकाळी दहाला कार्यालय उघडतं तेव्हा इथे अडीच किंवा साडेतीन वाजलेले असतात. मी फोन करताना दादाला शेजारी बसवते आणि बोलायला त्यालाच लावते. परदेशातली बहीण परस्पर अधिकाऱ्याला फोन करते तेव्हा दादाचं गावातलं बोलणं कमी होतं. हे मला एकदा चुकल्यावर कळलं.

यादी लागल्यावर

यादी गावात लागते, आणि प्रत्येक शेतकऱ्यापुढे एक विशिष्ट क्रमांक असतो. त्याला व्हीके नंबर म्हणतात. फार्मर आयडी नसलेल्याने तो नंबर आणि आधार घेऊन सेवा केंद्रात जायचं, बोट टेकवून ई-केवायसी करायची. पावती मागून घ्यायची. त्या पावतीवर नाव, क्षेत्र आणि रक्कम दिसते. चूक असेल तर तिथेच 'असहमत' नोंदवावं. सहमत म्हणून बोट टेकवल्यावर मग तहसीलचे हेलपाटे सुरू होतात. आईचे ठसे वयामुळे उमटत नाहीत, ही अनेक घरांतली अडचण आहे. तिच्या नावाचं क्षेत्रही संमतीने दादाकडे दिलेलं असेल तर ती सुटते.

रक्कम स्वतः मोजा. २०२५मध्ये मूळ मर्यादा दोन हेक्टरची होती. ७ ऑक्टोबर २०२५ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं, त्यात ती तीन हेक्टर झाली आणि रब्बीच्या बी-बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० रुपये वेगळे धरले गेले. बाधित विहिरीला ३०,००० रुपयेही त्यातच होते. आमचं बाधित क्षेत्र दोन हेक्टर चाळीस आर, जिरायत. म्हणजे पिकाचे २०,४०० आणि रब्बीचे २४,०००. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी पडणार, हे माहीत असलं म्हणजे पहिला आकडा बघून धीर सुटत नाही. गुंठ्याला ८५ रुपये हे नुकसान भरून काढत नाहीत. सोयाबीनचं बी, खत आणि फवारणी यांचाही खर्च त्यात निघत नाही. पण पुढची पेरणी त्याच पैशांवर असते, म्हणून ते कोणत्या आठवड्यात मिळतात याला किंमत आहे.

पैसे आले आणि बँकेने ते पीककर्जात वळते केले, तर शासन निर्णयाची प्रत घेऊन शाखेत जा. मदतीची रक्कम कर्जखात्यात किंवा अन्य वसुलीत वळती करू नये, असं वाक्य या निर्णयांत असतं. ते अधोरेखित करून न्या.

दरम्यान तुम्ही इथून पैसे पाठवणार असाल तर पाठवा, तेवढ्याने पेरणी होते. पण पाठवलेल्या पैशांमुळे अर्जाचा पाठपुरावा थांबू देऊ नका. आम्ही तो थांबू दिला आणि तीन आठवडे कुणीच तहसीलला गेलं नाही.

शेत इकडेच असेल तर

काही मराठी कुटुंबांनी कार्डिनिया, कू वी रप, गिप्सलँडच्या बाजूला थोडी जमीन घेतली आहे, कुणी भाजीपाला करतं, कुणाकडे दहा-वीस गुरं आहेत. इकडची पद्धत मुळात वेगळी आहे. हेक्टरी ठरलेला दर नाही, दारात पंचनामा करणारे तिघे नाहीत. नुकसान आपणच कळवायचं आणि खर्चाची बिलं आपणच जपायची.

सुरुवात जाहीर झालेल्या भागापासून. मदत राज्य आणि केंद्र मिळून देतात, १ नोव्हेंबर २०१८पासून लागू असलेल्या आपत्ती पुनर्प्राप्ती व्यवस्थेखाली, आणि ती तुमच्या नगरपालिका क्षेत्राचं नाव त्या आपत्तीच्या यादीत असेल तरच उघडते. डँडेनॉन्गमध्ये राहता पण शेत कार्डिनियात, तर कार्डिनियाचं नाव बघायचं. मार्च २०१९मध्ये बनयिपच्या जंगलातली आग टोनिम्बक आणि गारफील्ड नॉर्थच्या शेतांत शिरली. जून २०२१च्या वादळाने डँडेनॉन्ग रेंजेसमध्ये झाडं आणि तारा पाडल्या. तेव्हा दीर्घकाळ वीज नसलेल्या घरांना आठवड्याला १,६८० डॉलर, जास्तीत जास्त तीन आठवडे, मिळाले. ऑक्टोबर २०२२च्या पुरात रॉचेस्टर, शेपर्टनकडच्या शेतकऱ्यांना ७५,००० डॉलरपर्यंतचं पुनर्प्राप्ती अनुदान होतं. प्रत्येक आपत्तीची योजना, रक्कम आणि अंतिम तारीख निराळी असते, मागच्या वेळचं गृहीत धरू नये.

अर्जाला तीन गोष्टी लागतातच: एबीएन, शेतीतून उत्पन्न आहे हे दाखवणारं कर विवरण, आणि जमिनीची मालकी किंवा भाडेकरार. एक जरी गाय, मेंढी किंवा शेळी असेल तरी मालमत्तेचा पीआयसी क्रमांक हवा. व्हिक्टोरियात तो फुकट मिळतो. आठवड्याच्या शेवटी जाऊन हौसेने चार शेळ्या पाळणाऱ्याला शेतकरी म्हणून अनुदान मिळण्याची शक्यता कमी. त्याने आधीच विमा बघावा.

अनुदान साफसफाई, कुंपण, चारा, मेलेल्या जनावरांची विल्हेवाट अशा खर्चासाठी असतं. म्हणून खर्च करण्याआधी फोटो, केल्यावर जीएसटीचं बिल आणि बँकेतून दिल्याचा पुरावा. रोखीने दिलेला मजूर आणि तोंडी ठरलेला ट्रॅक्टर अर्जात धरता येत नाही. विमा कंपनीकडून मिळणाऱ्या रकमेची माहिती लपवू नका, त्याच खर्चाचे दोनदा पैसे मिळत नाहीत.

जनावरं जखमी असतील तर व्हिकइमर्जन्सीच्या १८०० २२६ २२६ वर, शेतीच्या इतर चौकशीला ॲग्रिकल्चर व्हिक्टोरियाच्या १३६ १८६ वर. घरखर्चाचीच ओढाताण असेल तर सर्व्हिसेस ऑस्ट्रेलियाची आपत्तीची ओळ १८० २२ ६६ आहे. मोठ्या आपत्तीत केंद्राने योजना उघडली तर पात्र प्रौढाला १,००० डॉलर आणि मुलामागे ४०० डॉलर मिळतात. शेतकरी कुटुंबाला त्याखेरीज फार्म हाउसहोल्ड अलाउन्स आहे, दहा वर्षांत चार वर्षांपर्यंत. फॉर्म भरताना अडलात तर ग्रामीण आर्थिक समुपदेशक फुकट मदत करतात आणि ती सरकारची किंवा बँकेची माणसं नसतात. गावाकडून आलेल्या सासऱ्यांच्या नावावर शेत असेल आणि इंग्रजी अडत असेल, तर १३१ ४५० वर दुभाषी मागा, मराठी हवा असं स्पष्ट सांगून.

इकडच्या बिलं जपण्याच्या सवयीचा मला गावाकडे उपयोग झाला. दादाच्या बियाण्याच्या, खताच्या, मोटर दुरुस्तीच्या पावत्या आता तो फोटो काढून पाठवतो आणि त्या गट नंबरच्या फोल्डरमध्ये जातात.

माझं संमतीपत्र शेवटी नोव्हेंबरच्या मध्याला तलाठ्याच्या हातात पडलं. तोवर दादाने कृषी केंद्रातून उधारीवर हरभरा आणला होता आणि वापसा येताच अर्ध्या रानात पेरला होता. उरलेलं अर्धं पडीक राहिलं. जानेवारीत मी गावी गेले तेव्हा आम्ही चौघं मिळून तहसीलच्या आवारात नोटरीसमोर बसलो, नवीन संमतीपत्र केलं, माझं बंद पडलेलं सिम सुरू करून घेतलं आणि विहीर सातबाऱ्यावर चढवायचा अर्ज दिला. त्याची पोच फायलीत पहिल्या पानावर आहे. १ ऑगस्टला भाच्याला फोन करायची आठवण मी फोनमध्ये दर वर्षासाठी लावून ठेवली आहे, डँडेनॉन्गच्या दुपारी अडीचची.